माळकऱ्याच्या रक्तातला पारा

१

इंदुरीच्या श्रीयशच्या रक्तात पारा सापडला, ही बातमी तळेगावात आमच्या भाजीवाल्यापर्यंत पोचली, तेव्हा तो त्याच्या बायकोनंच घातला असणार, हेही सोबतच पोचलं होतं. लोकांना तपास लागत नाही, सून लागते. त्यातून ही सून बौद्ध घरातली, प्रेमविवाह करून माळकऱ्यांच्या घरात गेलेली, आणि दातांच्या दवाखान्यात नोकरीला. दातात भरायच्या चांदीत पारा असतो हे ज्याला परवापर्यंत ठाऊक नव्हतं, तोही आता टपरीवर चहा ढवळत ते समजावून सांगत होता.

मी दिगंबर. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो. माझी बायको अरुंधती सरकारी प्रयोगशाळेत विषांच्या विभागात होती. मेलेल्या माणसांच्या पोटात काय होतं हे शोधण्यात तिची हयात गेली, त्यामुळे जिवंत माणसांशी ती जरा कमी बोलते. तिच्या वाटचं मी बोलतो.

राजेंद्र ओव्हाळ आले तेव्हा ती मिक्सर उघडून बसली होती. राजेंद्र रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. तळ्याभोवती फिरायला येतात, तिथली आमची ओळख. एरवी माणूस इस्त्रीच्या शर्टाशिवाय दिसायचा नाही. आज बटणं वरखाली लागलेली होती.

"जय भीम, सर."

"जय भीम. बसा, बसा."

ते बसले नाहीत. "मॅडम, अमृता माझी मुलगी. पोलिसांनी दोनदा नेऊन बसवली तिला. सातवा महिना चालू आहे. या आठवड्यात अटक करतील म्हणतात. माझं नातवंड तुरुंगाच्या दवाखान्यात जन्माला येणार का, एवढंच सांगा."

अरुंधतीनं हात पुसले. "जावयाचा रिपोर्ट आहे?"

मोबाइलवर फोटो होता. ती तो मोठा करून बघत राहिली. मिक्सरचं पातं तिच्या मांडीवर तसंच होतं.

"रक्तात भरपूर आहे," ती म्हणाली. "लघवीत जवळजवळ नाहीच."

"म्हणजे काय, मॅडम?"

"म्हणजे मला त्या घरी जावं लागेल."

राजेंद्र गेल्यावर मी विचारलं, "सुटेल का गं पोरगी?"

"तिनं घातला असेल तर नाही." मग जरा थांबून, "आणि नसेल तरी मला ते आकडे आवडलेले नाहीत. चप्पल घाल."

२

इंदुरीला गढीच्या तटाजवळ श्रीयशचं घर. स्वच्छ सारवलेलं अंगण, तुळशीवृंदावन, ओट्यावर पितळी तांब्या. श्रीयशची आई झुंबरबाई समोर बसली. गळ्यात तुळशीची माळ, डोळे रडून सुजलेले. कोपऱ्यात श्रीयशचा चुलता धोंडिबा तंबाखू मळत होता.

"आदी बोटांला मुंग्या आल्या," झुंबरबाई सांगू लागली. "मग बटनं लावता येईनात. मग भिताडाला धडकायला लागला. समोरचं दिसायचं, बाजूचं दिसंना. मग जीभच जड झाली. सोन्यावानी पोरगं. मावळात त्याच्यावानी अंग न्हवतं कुनाचं. आता दवाखान्यात घास भरवावा लागतोय, मावशी."

अरुंधती तिच्याच वयाची होती, पण मावशी म्हटल्याचं तिला काही वाटलं नाही.

"डॉक्टरांनी काय विचारलं होतं?"

"पयल्याच दिशी इचारलं, मासे-बिसे खाता का. म्या म्हनलं, आमच्या घरात माळ हाय. अंडंसुदिक शिवत न्हाई कुनी."

"श्रीयशला तेव्हा बोलता येत होतं?"

"व्हय. जरा अडखळत."

"मग तो काय म्हणाला?"

"त्यो काय म्हननार? बसलाता मान खाली घालून. समदं म्याच सांगत व्हते. बाप जात व्हता तवा त्याचा हात हातात धरून माळ घातली त्यानं. शब्द दिलता."

डबा कोण भरायचं, हे अरुंधतीनं विचारलं. झुंबरबाईचा आवाज बदलला. "ती. अमृता. म्या तिला काय कमी केलं न्हाई. पर ती मनातनं कुटं आमची झाली? तिच्या माहेरी समदं चालतं. हितं आली, गप बसली. गप बसनाऱ्या मानसाचं भ्या वाटतं मला."

धोंडिबा मधेच म्हणाला, "म्या भस्म देतो त्याला, ते सांग की. न्हाईतर मागनं माज्यावर यायचं."

माझे कान टवकारले. वाटणीवरून या चुलत्या-पुतण्याचं वाजलेलं आहे, हे राजेंद्रांनी वाटेत फोनवर सांगितलंच होतं.

"कसलं भस्म, आबा?" मी विचारलं.

"शक्तीचं. पाऱ्याचं असतं ते. वैदूकडनं आनतो. मीबी खातो रोज. मला काय झालंय का?"

पाऱ्याचं! मी अरुंधतीकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती खुंटीकडे बघत होती. खुंटीला श्रीयशची व्यायामाची काळी बॅग होती, आणि एक मांजर खालच्या खाटेवर चढून, मागच्या पायांवर उभी राहून त्या बॅगेला नखं लावत होती.

"हाड!" झुंबरबाईनं चप्पल भिरकावली. "शेजारची हाय. त्या पिशवीचा नाद सोडत न्हाई मेली. त्यो लोनावळ्याच्या रिसॉर्टात कामावर असताना पडला ना, तवा तितल्या लोकांनी ही पिशवी घरी पोचवली. तवापास्नं हाय तिचं."

अरुंधतीनं विचारून बॅग उघडली. टॉवेल, कमरेचा पट्टा, रिकामा स्टीलचा डबा, आणि एक छोटी गोल डबी. डबीत लवंगा होत्या.

"त्याच्या तोंडात कायम लवंग," आई म्हणाली. "दात दुखायचे म्हनायचा."

लवंगांच्या खाली तुळशीची माळ होती.

झुंबरबाईनं ती झटकन उचलून कपाळाला लावली. "दवाखान्यात काडली असंल नळ्या लावताना."

अरुंधतीनं डबीचं झाकण लावलं. पण ही बॅग दवाखान्यात गेलीच नव्हती, हे आत्ताच आम्ही ऐकलं होतं.

३

श्रीयश ज्या जिममध्ये जायचा, ती तळेगाव स्टेशनच्या बाजूला. मालक बजरंग, दंडावर हनुमान गोंदवलेला, टेबलामागे पावडरीच्या डब्यांची उतरंड. त्याला आम्ही पोलिसांनी पाठवलेले वाटलो.

"माझ्या पावडरीत काय न्हाई, मॅडम. तपासून बघा. त्यानं सुरवातीला घेतली, मग सोडली. म्हनला, मला दुसरा मार्ग घावला."

"कुठला?"

"सांगायचा न्हाई. देवाची कृपा म्हनायचा आन हसायचा. तालुक्याच्या बॉडीबिल्डिंगला उतरनार व्हता. आवं, आमी समदे त्याला चिडवायचो, माळकऱ्या, डाळ-भातावर अंग येत नसतंय. आन वरसाभरात त्यानं असलं अंग कमावलं, का आमीच गप झालो. प्रोटीन पोटात गेल्याबिगार हे व्हत न्हाई. कुटनं जात व्हतं, देवाला ठाऊक."

"माळ घालून व्यायाम करायचा?"

"व्हय. बेंचवर पडला की माळ तोंडावर यायची. म्या म्हनायचो काड ती, अडकंल कुटंतरी. काडायचा न्हाई." बजरंगला ते आठवून बरं वाटलं असावं. "समदं उरकलं, अंग पुसलं, की मग काडायचा. डबीत ठेवायचा आन तसाच लोनावळ्याला कामावर."

बाहेर पडल्यावर मी माझं मत मांडलं. "घामानं माळ बाटू नये म्हणून काढत असेल. श्रद्धाळू मुलगा."

"घामाची भीती असलेला माणूस घाम यायच्या आधी काढतो, दिगंबर. घाम पुसून झाल्यावर नाही."

"मग कशासाठी?"

"त्यानंतर तो जे करणार होता, त्यासाठी."

४

अमृता माहेरी, राजेंद्रांच्या घरी होती. सासरी तिला आता कोणी चहासुद्धा विचारत नव्हतं. ती खुर्चीत अवघडून बसली होती आणि हाताची बोटं एकमेकांवर चोळत होती.

"मी त्याला काही घातलं नाही, काकू," ती पहिलंच वाक्य म्हणाली. पाठ करून ठेवल्यासारखं. "आमच्या दवाखान्यात चांदी भरणं कधीच बंद झालंय. आता पांढरं सिमेंट भरतात. पोलिसांना सांगितलं, ते म्हणाले, पूर्वीचा साठा असेल."

"तू त्याच्या डब्यात काय द्यायचीस?"

"भाकरी, उसळ, दही. बऱ्याचदा तसाच परत यायचा डबा. म्हणायचा, भूक नव्हती. मला वाटायचं माझ्या हातचं आवडत नाही." ती जरा हसली. "पण माझ्यावर जीव होता त्याचा. आईंपुढे बोलायचा नाही, एवढंच. आईंपुढे तो कधीच काही बोलला नाही."

"घरात मासे?"

अमृतानं मान वर केली. "त्या घरात? कधीच नाही."

"श्रीयशनं कधी खाल्ले?"

"तो माळकरी आहे, काकू. मी त्याला मासा खाताना कधी पाहिलं नाही. शपथ."

अरुंधती पुढे झाली आणि तिनं अमृताचा हात हातात घेतला. असं ती सहसा कोणाशी करत नाही. "बोटं का चोळतेस?"

"मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले, या दिवसांत येतात. पाय पण सुजलेत बघा."

अरुंधतीनं हात सोडला नाही. मग राजेंद्रांना म्हणाली, "इन्स्पेक्टरांना मी फोन करते. घरातल्या सगळ्यांचं रक्त आणि लघवी तपासायला सांगते. सासूचं, चुलत्याचं. हिचंही."

"माझं कशाला?" अमृतानं विचारलं.

अरुंधती पर्स उचलून उठली. रिक्षात मी तोच प्रश्न केला, जरा चिडूनच. पोलिसांच्या हातात आयतं कोलीत द्यायची काय गरज होती?

"मला भीती वाटते आहे म्हणून," अरुंधती म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

५

इन्स्पेक्टर गराडे स्वतः घरी आले. माणूस वाईट नाही, पण सोपं उत्तर समोर दिसलं की त्याच्यावरून नजर हलवत नाही.

"मॅडम, तुमचे आभार मानायला आलोय. तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही सुनेचं रक्त तपासलंच नसतं." त्यांनी कागद पुढे ठेवला. "सासू एकदम स्वच्छ. चुलत्याच्या लघवीत पारा आहे, भस्म खातो म्हातारा, रक्तात विशेष नाही. आणि अमृताच्या रक्तात नवऱ्याच्या खालोखाल. विष हाताळणाऱ्याच्या अंगाला लागतंच की नाही? उद्या सकाळी घेऊन येतो तिला."

मी अरुंधतीकडे रागानं बघितलं. हिच्याच सल्ल्यानं पोरगी अडकली होती. राजेंद्रांना काय तोंड दाखवायचं, हे माझ्या डोक्यात आलं.

अरुंधतीचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. तिनं कागद हातातही घेतला नाही. "हिच्या लघवीत किती?"

"जवळजवळ नाही."

"नवऱ्यासारखंच."

"हो, पण त्याचं काय?"

"गराडे, दातातला पारा, थर्मामीटरमधला पारा, भस्मातला पारा, हे सगळे मूत्रपिंडातून बाहेर पडतात. लघवीत सापडतातच. धोंडिबाकडे बघा. तुमच्या यादीतलं प्रत्येक विष लघवीत दिसायला हवं, आणि या दोघांच्या ते दिसत नाही. पारा आणखी एका रूपात असतो. तो लघवीवाटे फारसा जात नाही. रक्तात राहतो, केसात उतरतो आणि मेंदूत जाऊन बसतो. तो जवळजवळ नेहमी एकाच वाटेनं माणसाच्या पोटात येतो."

"कुठल्या?"

"माशाच्या."

गराडे हसले. "मॅडम, ते माळकरी घर आहे."

"हो. सगळ्यांनी तेवढंच ऐकलं," ती उठत म्हणाली. "अटक उद्या करा. आज माझ्याबरोबर लोणावळ्याला चला."

६

भुशीच्या रस्त्यावरच्या त्या रिसॉर्टमध्ये श्रीयश स्टोअर सांभाळायचा. जानेवारीचे दिवस. थर्टी फर्स्टची गर्दी ओसरलेली, पोहण्याच्या तलावात पानं पडलेली. मॅनेजर सुश्रुत नावाचा तरुण होता. पोलिसांची गाडी बघून त्यानं आधी गेट लावून घेतलं.

"तुमच्या स्टोअरमध्ये डब्यातला मासा येतो?" अरुंधतीनं विचारलं.

"ट्यूना? यायचा, भरपूर. सँडविच, सॅलडसाठी. मग आमचा शेफ सोडून गेला, तो मेनूच बंद पडला. हॉटेलला लागतात तसले मोठे डबे ढिगानं पडून होते. पुरवठ्याचा करार संपायचा होता, म्हणून नवे येतच राहिले. मी श्रीयशला सांगितलं, तारीख जवळ आली की तू बघून घे त्यांचं काय ते. मला वाटलं कुठं तरी विकत असेल."

"विकत नव्हता," मागून आवाज आला. स्टोअर झाडणारी शालूबाई दारात उभी होती. पदर तोंडाशी धरला होता. "खात व्हतं ते. दुपारच्याला दार लावून बसायचं. अख्खा डबा. येकदा म्या अचानक दार लोटलं तर माज्याकडं आसं बघितलं, जनू मीच चोर हाय. म्हनले, मावशी, कुनाला सांगू नका. आई मरंल माजी. म्या शपथ घेतली. माळकरी मानूस, त्याची अब्रू ऱ्हावी म्हनून गप बसले. त्यात इख हाय, हे मला कसं कळावं, साहेब?"

"विष नाही त्यात, मावशी," अरुंधती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "आठवड्यातून एखाद्या वेळी खाल्लं तर कोणाला काही होत नाही. समुद्रात पारा असतोच थोडा. लहान मासा तो गिळतो, मोठा मासा लहानाला गिळतो, आणि सगळ्यांचा पारा मोठ्याच्या अंगात साठतो. ट्यूना मोठा मासा. श्रीयशनं तो रोज खाल्ला, जवळजवळ किलोभर, वर्षाहून जास्त. डाळीवर अंग येत नाही म्हणून लोक हसायचे. इथे फुकटात प्रोटीन मिळालं. काटा नाही, शिजवणं नाही. झाकण काढायचं आणि खायचं. त्याआधी माळ काढायची. नंतर तोंड धुवायचं, लवंग चघळायची. सगळं सांभाळलं त्यानं. मांजर तेवढी फसली नाही."

गराडेंनी टोपी काढून हातात घेतली. "पण डॉक्टरांनी तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

"विचारलं. तो समोर बसला होता, त्याला बोलताही येत होतं. आई म्हणाली, आमच्या घरात माळ आहे. आता तो आईला खोटं पाडणार होता का? त्यानं मान खाली घातली. डॉक्टरांनी मासा खोडून टाकला. तपासून घरी आल्यावर तो कामावर जात राहिला, खाणंही चालूच ठेवलं असेल, ताकद जातेय म्हणून कदाचित जास्तच. पारा सापडेपर्यंत त्याची जीभ गेली होती."

मला एकदम हलकं वाटलं. अमृता सुटली होती. राजेंद्रांना फोन करावा म्हणून मी मोबाइलही काढला. तेवढ्यात गराडेंनी, केवळ कामाची सवय म्हणून, विचारलं, "मग बायकोच्या रक्तात कसा आला?"

अरुंधतीनं शालूबाईकडे पाहिलं. हे विचारायचं तिला धाडस होत नव्हतं, हे मला दिसत होतं.

"मावशी, तो घरी काही न्यायचा?"

"व्हय की." शालूबाईचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "येगळ्या स्टीलच्या डब्यात भरून न्यायचं, रोज. मालकिनीला डोहाळे लागल्यात म्हनले, माशाचे. त्या बिचारीनं घरात कुनाकडं मागायचं? लय जीव व्हता बायकुवर."

अरुंधती शेजारच्या तांदळाच्या पोत्यावर खाली बसली. मी मोबाइल खिशात ठेवला.

७

दवाखान्यात झुंबरबाई मुलाच्या उशाशी होती. एवढा मोठा देह पलंगावर आडवा पडलेला, आणि हात सतत थरथरत होते. नजर समोर, एका नळीतून बघितल्यासारखी. अरुंधतीनं पिशवीतून ट्यूनाचा एक डबा काढला आणि त्याच्या बरोबर नजरेसमोर धरला.

श्रीयशनं डबा पाहिला. त्याचा हात उठला, भरकटला, पुन्हा उठला, आणि मोठ्या कष्टानं स्वतःच्या गळ्यापाशी गेला. तिथं माळ नव्हती. तो बोटांनी ती शोधत राहिला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

झुंबरबाईला सगळं समजावून सांगावं लागलं नाही. ती डब्यावरच्या माशाच्या चित्राकडे बघत होती. मग अरुंधतीला बाजूला घेऊन ती हळूच बोलली. माझ्या कानावर पडलं, ते पडायला नको होतं.

"मावशी, हे कागदावर घालू नका. तिनं घातलं आसंच ऱ्हाऊ द्या."

"झुंबरबाई, ती गरोदर आहे. तुमचं नातवंड आहे ते."

"व्हय. पर ह्याचा बाप वरनं बघतोय."

मला तिची चीड यायला हवी होती. आली नाही. तिच्या मुलाचं शरीर गेलंच होतं. राहिलेला शब्दही आम्ही काढून न्यायला आलो होतो. अरुंधतीनं नाही म्हणून मान हलवली. झुंबरबाईनं पदराच्या गाठीतून ती माळ काढली आणि मुलाच्या गळ्यात घालायला लागली. तो मान वळवत होता. तिनं तिसऱ्यांदा घातली तेव्हा तो थांबला.

डॉक्टर दारात म्हणाले, रक्तातला पारा उतरेल हळूहळू. मेंदूतलं जे गेलं ते परत यायचं नाही. असेच राहतील.

८

राजेंद्रांना गराडेंचा फोन आधीच गेला होता. आम्ही पोचलो तेव्हा ते दारातच हात जोडून उभे होते, शर्ट इस्त्रीचा, टेबलावर पेढ्यांचा पुडा. "मॅडम, तुमच्यामुळं माझी पोरगी वाचली," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. अरुंधती त्यांच्या नजरेला नजर देत नव्हती. मला वाटलं, आजचा दिवस तरी हिनं गप्प बसावं. पण ती खोटं बोलत नाही, आणि गप्प बसणं हेही तिला खोटंच वाटतं.

तिनं अमृतापुढे स्टूल ओढलं. "तुला डोहाळे लागले होते माशाचे."

अमृता लाजली. एवढ्या सगळ्यात लाजली. "आईंना कळलं का? काकू, मी घरात नाही खाल्ला. आम्ही संध्याकाळी गढीखाली नदीवर जायचो गाडीवरून. तो डब्यात घेऊन यायचा, मी तिथंच खायची. तो नुसता बसून बघायचा. मला वाटायचं, बिचारा माळ घातलेला, नाकातोंडात वास जात असेल, पण माझ्यासाठी बसतोय." ती थांबली. "तो पण खायचा? खरंच?"

"हो. दुपारी. तुझ्याआधी."

मग अरुंधतीनं तिला सांगितलं. सावकाश, एकेक वाक्य, काही न लपवता. तोच मासा, तोच पारा. रक्तातून नाळेत जातो. आईपेक्षा बाळाच्या अंगात जास्त साठतो. राजेंद्रांचे जोडलेले हात सुटले आणि खाली गेले.

"म्हणजे मी सुटले," अमृता म्हणाली.

"हो."

"आणि हा?" तिचा हात पोटावर होता.

"सांगता येत नाही. काही मुलं बरी निघतात. काहींचं चालणं, बोलणं, बघणं मागे पडतं. जन्मल्यावर लगेच कळेलच असं नाही. वर्षं जातात."

"औषध?"

अरुंधतीनं नकारार्थी मान हलवली. अमृताला कळलं.

बाहेर लोकल येऊन गेली. मग अमृता बोलली, आमच्याशी नव्हेच, बहुतेक पोटातल्याशी.

"मला कंटाळा यायचा रोज रोज. डोहाळे तर कधीच संपले होते. मी म्हणायची, आज नको रे. तर म्हणायचा, तुझ्यासाठी नको खाऊस, याच्यासाठी खा. याला प्रोटीन पाहिजे, हा माझ्यासारखा होणार. डबा रिकामा झाल्याशिवाय गाडी सुरू करायचा नाही. शेवटचा घास स्वतःच्या हातानं भरवायचा."

अरुंधतीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. राजेंद्रांनी टेबलावरचा पेढ्यांचा पुडा उचलला आणि आत नेऊन ठेवला.